‘यात खुला डेटा वापरला आहे’ : एका बिल्ल्याच्या मजकुराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या शहरात खुल्या डेटावर, म्हणजे कुणालाही वापरायला आणि वाटायला मोकळ्या असलेल्या नोंदी-आकडेवारीवर, काम करणाऱ्यांचा एक गट आहे. नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत, वर्गणी चहापुरती. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत ही मंडळी जमतात. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी तरुण मुलं आहेत, दोन प्राध्यापक आहेत, एका दैनिकात आकडेवारीच्या बातम्या करणारी पत्रकार आहे आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आहेत, ज्यांना सगळे काका म्हणतात. ओळख पटू नये म्हणून शहराचं नाव दिलेलं नाही आणि कामांचे काही तपशील बदलले आहेत. मी या बैठकांना बसत होतो. निर्णय गटाचे, त्यावरची मल्लिनाथी माझी.

या मंडळींच्या कामाचा कच्चा माल बहुतेक खुला. रस्ते, बसथांबे, ओढे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावरून. लासलगाव, पिंपळगावच्या कांद्याचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावरून. ॲगमार्कनेट या सरकारी यंत्रणेचे बाजारभाव तिथे उतरवून घेता येतात. देशभरच्या पिनकोडांची यादीही तिथलीच. गावांची नावं आणि तालुके जुळवायला विकिपीडियाच्या कुटुंबातला विकिडेटा. यातल्या प्रत्येकाला स्वतःचा लिखित परवाना आहे. ओपनस्ट्रीटमॅप सप्टेंबर २०१२ पासून ‘ओपन डेटाबेस लायसन्स’खाली आहे, विकिडेटाचा मूळ डेटा कोणतीही अट न घालणाऱ्या ‘सीसी झीरो’खाली, आणि केंद्राच्या संकेतस्थळावरच्या डेटाला २०१७ साली अधिसूचित झालेला ‘गव्हर्न्मेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया’ लागू होतो. ही तीन नावं पुढे पुन्हा येतील, कारण बिल्ल्यावर कोणते शब्द लिहायचे हे शेवटी त्यांनीच ठरवलं.

अडचण

एका स्थानिक कार्यालयानं काही वर्षांपूर्वी आपल्या संकेतस्थळावर बऱ्याच फायली टाकल्या होत्या: बसमार्ग, सार्वजनिक शौचालयं, वृक्षगणनेचे तक्ते. मग त्या अद्ययावत होणं थांबलं. गटातले दोघं विचारायला गेले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, ‘हे वापरतं कोण? मला एक उदाहरण द्या, मी फाईल वर पाठवतो.’

प्रश्न रास्त होता आणि उत्तर देता येईना. वापर होत नव्हता असं नाही, तो दिसत नव्हता. वर्तमानपत्रातल्या नकाशाखाली ‘ग्राफिक’ आणि दैनिकाचं नाव एवढंच. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालात ‘स्रोत : इंटरनेट’. मोबाईल ॲपमध्ये तेवढंही नाही. बैठकीत एकानं सुचवलं, की खुला डेटा वापरून केलेल्या कामावर, वेबपानावर किंवा छापील कागदावर, लावायला एक छोटा बिल्ला, म्हणजे मजकुराचं चित्र, करू. लोक लावतील, आपण त्या कामांची यादी ठेवू, यादी कार्यालयाला देऊ. शिवाय बिल्ला पाहून आणखी चार जण वापरायला लागतील.

‘शिवाय’च्या आधी एक हेतू आहे आणि नंतर दुसरा. पहिल्याचा वाचक कार्यालयातला अधिकारी, दुसऱ्याचा वाचक अजून डेटा न वापरलेला माणूस. एकाला पुरावा हवा, दुसऱ्याला आमंत्रण. सुरुवातीच्या बैठकांत हे दोन हेतू कुणी सुटे केले नाहीत, आणि मजकुरावरचे निम्मे वाद त्यामुळेच झाले असं मला वाटतं.

आधी काय होतं ते पाहिलं

नव्यानं काही करण्याआधी जगात असलेलं पाहावं, हा आग्रह प्राध्यापकबाईंचा. ते बरं झालं.

ओपन नॉलेज फाउंडेशन ही २००४ साली केंब्रिजमध्ये सुरू झालेली संस्था. तिची ‘ओपन डेटा’ अशी दोनच शब्दांची चिमुकली बटणं होती. ती डेटा प्रसिद्ध करणाऱ्यानं लावायची. लंडनच्या ओपन डेटा इन्स्टिट्यूटनं डेटासंचासाठी पायऱ्या-पायऱ्यांचं प्रमाणपत्र काढलं. अमेरिकेतल्या सेंटर फॉर ओपन सायन्सचे बिल्ले शोधनिबंधांवर लागतात. निबंधामागचा डेटा लेखकानं सार्वजनिक भांडारात ठेवला असेल तर ‘ओपन डेटा’चा बिल्ला मिळतो. लेखन-चित्रांसाठी आयते परवाने देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सची बटणं तर सर्वांच्या परिचयाची.

या सगळ्यांत बोलतो तो देणारा. ‘मी माझा डेटा खुला केला आहे’ हा त्यांचा अर्थ. गटाला हवा होता तो घेणाऱ्याचा बिल्ला: ‘मी दुसऱ्याचा खुला डेटा घेतला आहे’. जवळजवळ तेच शब्द, पण दावा वेगळा आणि दावेदारही वेगळा. आयते शब्द उचलण्याचा मार्ग इथेच बंद झाला.

बिल्ल्यांचा काही उपयोग होतो का, हा काकांचा प्रश्न होता. याचा पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकानं २०१४ च्या सुरुवातीला बिल्ले देणं सुरू केलं. त्याआधी तिथल्या ३ टक्क्यांहून कमी निबंधांत डेटा खुला असल्याचं लिहिलेलं असे. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ते प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि बिल्ल्यांच्या बाजूनं नेहमी तोच पुढे केला जातो. पण ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात लेखकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून प्रयोग झाला, तेव्हा बिल्ल्याच्या आमिषानं डेटा देण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. तो निष्कर्ष २०२० साली आला.

‘म्हणजे करायचा की नाही?’ काका म्हणाले. प्राध्यापकबाईंचं म्हणणं असं, की दोन्ही अभ्यास देणाऱ्यांबद्दल आहेत, आपल्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मात्र पहिल्या अभ्यासातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: बिल्ला असलेल्या निबंधांत डेटा ‘आहे’ असं म्हटलेल्या ठिकाणी तो खरोखर सापडण्याचं, वापरण्याजोगा आणि पुरा असण्याचं प्रमाण जास्त होतं. त्या बिल्ल्यामागे निकष लिहिलेले होते. तेव्हा आपला मजकूर असा हवा, की त्याची खातरजमा करता यावी. हा पहिला खरा निर्णय. तेव्हा मात्र तो निर्णय आहे असं कुणाला वाटलं नाही.

मजकुराचे पर्याय

फळ्यावर बरेच मसुदे आले. जे टिकले तेवढेच इथे घेतो.

‘खुला डेटा वापरा!’ हा पहिला. तरुण मुलांना तो आवडला, काकांना अजिबात नाही. एसटीच्या पाठीवरच्या ‘झाडे लावा, झाडे जगवा’च्या वळणाचं हे झालं, असं त्यांचं मत, आणि सरकारी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं ते मत म्हणून वजनदार होतं. आज्ञार्थी वाक्य कुणाच्याही कामावर लावता येतं, डेटा न वापरता केलेल्या कामावरसुद्धा. त्यात खोटं ठरण्यासारखं काही नसतं, म्हणून ते काही सांगतही नाही. कार्यालयाला पुरावा म्हणून ते निरुपयोगी. आमंत्रणाच्या हेतूला ते चालण्यासारखं होतं, पण तेव्हा दोन हेतू एकाच बिल्ल्यात कोंबायचे होते.

‘खुला डेटा’ हे नुसते दोन शब्द. आटोपशीर, दिसायला छान. अडचण वर सांगितलीच: पानावरचा आलेख, लेख, छायाचित्रं हे सगळं खुलं आहे असा वाचकाचा समज होणार. पत्रकाराला हे परवडणारं नव्हतं. तिच्या दैनिकाचा मजकूर खुला नाही, आणि बिल्ला पाहून कुणी तिचा लेख उचलला तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं.

‘आम्ही खुला डेटा वापरतो’. यात ‘आम्ही’ कोण, हा प्रश्न. वर्तमानपत्रातला एक नकाशा खुल्या डेटातून झाला म्हणून संपूर्ण वर्तमानपत्र ‘आम्ही’ म्हणू शकतं का? संस्थेच्या मुखपृष्ठावर असा बिल्ला एकदा चढला की तो खाली उतरत नाही, काम बंद झालं तरी. हा पर्याय बरेच दिवस आघाडीवर होता, हे विशेष.

‘शासनाच्या खुल्या माहितीवर आधारित’. हा कार्यालयाला खूश करणारा होता आणि मतदान घेतलं असतं तर बहुधा हाच निवडून आला असता. तो पडला तो परवाना वाचल्यामुळे. भारत सरकारच्या त्या परवान्यात स्पष्ट अट आहे, की डेटा देणाऱ्या खात्याचा आपल्या कामाला पाठिंबा आहे असं वापरणाऱ्यानं कोणत्याही प्रकारे सूचित करू नये. खात्यांची नावं-बोधचिन्हं, राजमुद्रा हेही परवान्याबाहेर आहेत. राजमुद्रेच्या गैरवापराला तर २००५ चा स्वतंत्र कायदाच आहे. एका मसुद्यात महापालिकेच्या बोधचिन्हाचे रंग वापरले होते, तेही त्याच बैठकीत पुसले. शिवाय ओपनस्ट्रीटमॅप आणि विकिडेटा यांचा शासनाशी संबंध काय?

‘माहिती’ हा शब्द आणखी एका कारणानं मागे पडला. महाराष्ट्रात ‘माहिती’ म्हटलं की माहितीचा अधिकार आठवतो. २००५ च्या त्या कायद्यातल्या कलम ४ नुसार कार्यालयांनी बऱ्याच गोष्टी आपणहून जाहीर करायच्या असतात. त्या वाचता येतात, झेरॉक्स काढून नेता येतात. पण जाहीर झालं म्हणजे पुनर्वापराचा परवाना मिळाला असं होत नाही. ‘खुली माहिती’ लिहिलं तर वाचक हे दोन्ही एकच समजणार. त्यामुळे ‘डेटा’ ठेवला. ‘डेटा’ऐवजी ‘विदा’ या मराठी शब्दाचा आग्रह धरणारे एक जण होते, त्यांनी तो लवकर सोडला.

उरला एक साधा मसुदा: ‘इथे खुला डेटा वापरला आहे’. हा गटाबाहेर नेऊन दाखवायचं ठरलं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एका झेरॉक्सच्या दुकानात आणि एका बचत गटाच्या बैठकीत छापील चिठ्ठी दाखवून एकच प्रश्न विचारला: ‘याचा अर्थ काय वाटतो?’ झेरॉक्सवाल्याचं उत्तर होतं, ‘इथे फुकट नेट आहे.’ बचत गटातल्या दोघी-तिघींनीही तेच सांगितलं. ‘डेटा’ म्हणजे मोबाईलचा रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा, ‘खुला’ म्हणजे मोकळा, आणि ‘इथे’ म्हणजे या दुकानात. कुठेही चूक नाही. संगणकवाल्यांच्या खोलीत महिनाभर बसून हे कुणाला सुचलं नव्हतं.

दोन बदल झाले. ‘इथे’ जाऊन ‘यात’ आलं. ‘यात’ म्हटल्यावर वाचक समोरच्या वस्तूकडे पाहतो, मग तो लेख असो, नकाशा असो की अहवाल. आणि खाली दुसरी ओळ आली: ‘स्रोत पाहा’. तीच चिठ्ठी नकाशाच्या कोपऱ्यात चिकटवून पुन्हा दाखवली, तेव्हा नेटचा उल्लेख कुणी केला नाही. ‘खुला म्हणजे काय?’ असं मात्र विचारलं. त्याचं उत्तर बिल्ल्यावर मावणारं नव्हतंच, ते दुव्यापलीकडच्या पानावर द्यायचं होतं.

सर्वांत अवघड बैठक : खुला म्हणजे किती खुला

शब्द ठरल्यावर काम संपलं असं वाटलं होतं. मग पत्रकारानं विचारलं, ‘माझ्या धरणसाठ्याच्या आलेखाला हा लावू ना?’

तिचा तो आलेख गटाचं सर्वांत गाजलेलं काम. जलसंपदा खात्याच्या रोजच्या पीडीएफमधून धरणांतले साठे उचलून, कित्येक वर्षांचे आकडे जुळवून तिनं तो केला होता, काकांच्या मदतीनं. पावसाळ्यात तो घरोघरी व्हॉट्सॲपवर फिरत असे. पण त्या पीडीएफवर परवान्याची एक ओळही नव्हती.

परवाना लिहिलेला नसेल तर काय होतं? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते, संकलनं आणि संगणकीय डेटाबेस यांचा समावेश साहित्यकृतीत होतो, आणि सरकारी कृतीचा पहिला मालक सरकार असतं. राजपत्रात छापलेल्या मजकुरासारख्या काही गोष्टींना कलम ५२ मध्ये सूट आहे, पण खात्याच्या संकेतस्थळावरचा प्रत्येक कागद त्यात बसत नाही. नुसत्या आकड्यावर कुणाची मालकी नसते, हा युक्तिवाद करता येतो आणि तो भक्कमही आहे. केंद्राच्या २०१२ च्या डेटा धोरणाचा हेतूही खुलेपणाचाच. त्यातही खुला, नोंदणीनं मिळणारा आणि मर्यादित असे तीन वर्ग केलेलेच आहेत. म्हणजे सरकारी संकेतस्थळावर दिसला म्हणून डेटा खुला, असं सरकारही म्हणत नाही.

गटात सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, आपण काही न्यायालय नाही. आकडे लोकांसमोर आहेत, काम लोकोपयोगी आहे, बिल्ला द्या. आपल्या सर्वांत चांगल्या कामालाच बिल्ला नसेल तर बिल्ला कशाला? दुसरी बाजू ओपन डेफिनिशन घेऊन बसली होती: कुणालाही, कोणत्याही कारणासाठी पाहता, वापरता, बदलता, वाटता आलं पाहिजे, अट घालायची तर फार तर श्रेय देण्याची आणि पुढेही खुलं ठेवण्याची. या व्याख्येनुसार ‘व्यापारी वापर नको’ असा परवानाही खुला नाही, मग परवानाच नसलेल्या पीडीएफची गोष्ट सोडा.

मधला मार्गही निघाला होता: दोन रंगांचे दोन बिल्ले, पक्क्या खुल्याला हिरवा आणि ‘सार्वजनिक आकड्यां’ना पिवळा. तो मला तेव्हाही पटला नव्हता. पिवळा लावणाऱ्याला आपण कमी आहोत असं वाटणार आणि वाचकाला फरक कळणार नाही.

कोंडी काकांनी फोडली, तीही स्वतःच्या कामाच्या विरोधात. त्यांचं म्हणणं: खात्यात बसलेल्या माणसाला मी ओळखतो. पीडीएफच्या आलेखावर बिल्ला लावला तर तो म्हणेल, ‘आमचा डेटा खुलाच आहे की!’ आणि फाईल बंद करेल. बिल्ला नाही लावला तर निदान ‘का नाही’ असं विचारेल.

कडक निकष मान्य झाला. धरणसाठ्याच्या आलेखाला बिल्ला मिळाला नाही. त्याखाली साधी ओळ आली: आकडे कोणत्या खात्याच्या कोणत्या तारखेच्या पत्रकातून घेतले, आणि त्या पत्रकावर पुनर्वापराचा परवाना नमूद नाही. पत्रकार नाराज होती, आणि तिचं नाराज होणं मला योग्यच वाटलं.

त्याच कडक निकषाची दुसरी बाजू काही दिवसांतच समोर आली. घरं विकणाऱ्या एका कंपनीनं आपल्या जाहिरातीतल्या नकाशासाठी बिल्ला मागितला. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, श्रेय नीट दिलेलं. ‘बिल्डरला आपला बिल्ला?’ म्हणून कुजबुज झाली. पण व्यापारी वापराला हरकत घेणारा परवाना खुला नाही, असं आठवड्यापूर्वी ठरवणारे आपणच होतो. बिल्ला दिला.

काय केलं

बिल्ला म्हणजे श्रेय नव्हे, हे पहिल्याच पानावर ठळक लिहिलं. ओपनस्ट्रीटमॅपला त्याच्या नावानिशी श्रेय आणि परवान्याचा उल्लेख लागतो. सरकारी परवान्याला डेटा देणाऱ्याचं नाव, वर्ष, डेटासंचाचं नाव, तो मिळाल्याचं ठिकाण आणि परवान्याचं नाव एवढं लागतं. विकिडेटाला यातलं काहीच लागत नाही. आपला बिल्ला यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. बिल्ल्याचा दुवा त्या कामाच्या स्रोतांच्या यादीवर जातो, आणि ती यादी लिहिल्याशिवाय बिल्ला उतरवून घेता येत नाही: छोटा अर्ज, त्यात डेटाचं नाव, परवाना, घेतल्याची तारीख. परवान्याच्या रकान्यात ‘माहीत नाही’ निवडलं तर बिल्ल्याऐवजी तो कसा शोधायचा याची सूचना येते.

ओपनस्ट्रीटमॅपसाठी एक जास्तीची ओळ घालावी लागली. त्या परवान्यात, मूळ डेटाबेसमध्ये भर घालून नवा डेटाबेस केला आणि तो जाहीरपणे वापरला, तर तोही त्याच अटींवर खुला करावा लागतो. नकाशाचं नुसतं चित्र काढणाऱ्याला ही अट लागत नाही. विद्यार्थी हे हमखास विसरतात.

आकाराचा प्रश्न तांत्रिक वाटला तरी मजकुरावर त्याचा परिणाम झाला. जुनी वेबबटणं ८८ गुणिले ३१ किंवा ८० गुणिले १५ पिक्सेलची. पंधरा पिक्सेलांत इंग्रजी कॅपिटल अक्षरं बसतात. शिरोरेघेवरची मात्रा आणि खालचा उकार सांभाळणारी देवनागरी बसत नाही, ‘खु’चा उकार कापला जातो. म्हणून एकतीसची उंची धरली, एक ओळ मोठी आणि एक लहान, आणि अक्षरं मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं मुक्त परवान्याखाली दिलेल्या ‘मुक्ता’ या टंकाची. इंग्रजीसाठी वेगळा बिल्ला. दोन्ही भाषा एकात घालून पाहिल्या होत्या, पण धड एकही वाचता येईना. पहिला आराखडा गोल होता, मधे बरोबरची खूण. तो पाहून एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, हा आयएसआयसारखा शिक्का आहे का?’ गोलाकार आणि खूण दोन्ही त्याच दिवशी गेले. साधी आडवी पट्टी राहिली.

एक निर्णय कुणाला दिसत नाही, पण मला तो सर्वांत नेमका वाटतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बटणाच्या कोडमध्ये दुव्याला ‘लायसन्स’ असा गुणधर्म जोडलेला असतो. त्यावरून शोधयंत्राला कळतं, की या पानावरचा मुख्य मजकूर त्या परवान्याखाली आहे. गटातल्या मुलानं सवयीनं तोच कोड आपल्या बिल्ल्याला डकवला होता. म्हणजे माणसाला ‘यात वापरला आहे’ आणि यंत्राला ‘हे पानच खुलं आहे’! तो काढून स्कीमा डॉट ऑर्गच्या, म्हणजे शोधयंत्रांना पानाचा अर्थ कळावा म्हणून केलेल्या, शब्दसंग्रहातला ‘इज बेस्ड ऑन’ (‘यावर आधारित’) हा गुणधर्म घातला. फळ्यावर महिनाभर ज्या घोटाळ्याशी झुंजलो, तो कोडमध्ये गुपचूप शिरला होता. चित्राच्या पर्यायी मजकुरातही बिल्ल्यावरचं वाक्य जसंच्या तसं दिलं, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तेच ऐकू येतं.

पुढे काय झालं

महाविद्यालयांनी बिल्ला उचलून धरला. इतका, की सुरुवातीला अर्ज टाळून चित्र परस्पर चिकटवण्याची साथ आली. एका भित्तिपत्रकावर बिल्ला होता आणि ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय खोडलेलं होतं, ‘बिल्ला आहे की’ म्हणून. त्यावर इलाज म्हणजे प्राध्यापकांनी प्रकल्पाच्या गुणांत स्रोतांच्या यादीला वेगळे गुण ठेवले. बिल्ल्यांची संख्या घटली, याद्या सुधारल्या.

दैनिकात बिल्ला लागलाच नाही. बाहेरचं चिन्ह छापायचं नाही, असा तिथल्या मांडणी विभागाचा नियम. पण नकाशाखाली ‘नकाशा’ आणि ‘आकडे’ असे दोन वेगळे स्रोत परवान्यासह छापायला संपादक तयार झाले. छापील पानावर ती ओळ बिल्ल्यापेक्षा जास्त सांगते, हे मान्य करायला हवं.

फायली थांबवलेल्या कार्यालयाला कामांची यादी दिली. मोठी नव्हती, पण प्रत्येक नोंदीपुढे कोणत्या फाईलमधून काय केलं ते लिहिलं होतं. अधिकाऱ्यांनी ती प्रस्तावाला जोडली. बसमार्गांची फाईल पुन्हा अद्ययावत झाली, वृक्षगणनेची अजून नाही. आणि फाईलखाली परवान्याचं नाव लिहिण्याची सूचना त्यांनी स्वतःहून मान्य केली. काकांनी केलेलं भाकीत एका ठिकाणी खरं ठरलं, एवढंच म्हणता येईल; धरणसाठ्याच्या पीडीएफवर परवान्याची ओळ अजून आलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. परवान्याचा निकष आधी ठरला असता तर निम्मे मसुदे फळ्यावर आलेच नसते, आणि पत्रकाराला आपल्या कामाचा निकाल सगळ्यांसमोर ऐकावा लागला नसता. तिच्याशी आधी वेगळं बोलायला हवं होतं. ही मजकुराची बाब नाही, माणसं सांभाळण्याची आहे; पण अशा गटात तेही महत्त्वाचं.

दोन हेतूंसाठी दोन वस्तू करायला हव्या होत्या. आता कार्यक्रमांत वाटायला ‘तुम्हीही खुला डेटा वापरा’ असं स्टिकर वेगळं काढलं आहे. त्याला निकष नाहीत, कारण ते कशाचाही दावा करत नाही. पहिल्याच बैठकीत ही फाळणी झाली असती तर आज्ञार्थी वाक्यावरून तरुण मंडळी आणि काका यांच्यात इतकी जुंपली नसती.

बाहेरच्या लोकांना खूप उशिरा विचारलं. झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच आठवड्यात जाता आलं असतं. दाखवलं तेही कागदावर. मोबाईलच्या पडद्यावर बिल्ला केवढा दिसतो आणि दुवा बोटाखाली येतो का, हे पहिल्या तक्रारी आल्यावर तपासलं.

सर्वांत मोठी राहून गेलेली गोष्ट म्हणजे मुदत. डेटासंचांचे पत्ते बदलतात, संकेतस्थळं नव्यानं बांधली जातात, आणि ‘स्रोत पाहा’ दाबल्यावर ‘पान सापडलं नाही’ येतं. घेतल्याची तारीख लिहून घेतो, पण ती यादीत असते, बिल्ल्यावर नाही. बिल्ल्यावर वर्ष घालावं असा प्रस्ताव आहे. विरोध करणारे म्हणतात, जुनं वर्ष दिसलं की काम शिळं वाटेल. तुटलेले दुवे वर्षातून एकदा तपासून संबंधितांना कळवायचं, दोनदा कळवूनही दुरुस्ती झाली नाही तर नोंद यादीतून काढायची, असा दुसरा प्रस्ताव आहे. ते काम कोण करणार, हे अजून कुणी अंगावर घेतलेलं नाही. तूर्त प्राध्यापकबाईंनी ते तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला प्रात्यक्षिक म्हणून देऊ केलं आहे, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तेवढाच एक विषय आहे.